उन्हाची बाजू

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सोसायटीचे लाइट गेले ते तीन तास आलेच नाहीत. रात्रीचे नऊ वाजलेले. घरात बसवेना म्हणून एकेक जण गच्चीवर जमा झाला. चटया आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, पहिल्या मजल्यावरचे काका स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले. येऊरच्या डोंगरावरून एखादी झुळूक येईल या आशेवर सगळे बसले होते. झुळूक आली नाही, भेंड्या सुरू झाल्या.

आमच्याकडच्या भेंड्या अक्षरावरून नसतात, शब्दावरून असतात. एकाने शब्द द्यायचा आणि तो शब्द असलेली गाण्याची ओळ दोन्ही बाजूंनी आळीपाळीने म्हणायची. अडेल त्याच्यावर भेंडी. 'चंद्र' अर्धा तास पुरला. चांदणं, चांदोबा, पुनव असं सगळं चालवून घेतल्यावर तर कुणी हरेचना. 'पाऊस' निघाला तेव्हा काका खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांना पुन्हा बसवायला तीन माणसं लागली. 'रात्र' झाली, 'वारा' झाला, 'डोळे' झाले. मग पाळी माझी. दिवसभर तापलेल्या गच्चीची धग चटईतून पाठीला लागत होती, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, "ऊन."

सामसूम. पलीकडच्या बाजूने कुणीतरी बालकवींच्या श्रावणातली ओळ काढली. त्यावर "ती कविता, गाणं नव्हे" असा वाद झाला, "आम्ही शाळेत चालीवरच म्हणायचो" असा प्रतिवाद झाला, आणि शेवटी ती ओळ पदरात पडली. पुढे? "सूर्य चालेल का?" "किरण चालेल का?" मी खमकेपणाने नाही म्हटलं. ऊन म्हणजे ऊन. पाच मिनिटांनी दोन्ही बाजूंवर भेंडी चढवून खेळ थांबला.

तेवढ्यात शेजारची दुसरीतली चिमुरडी उभी राहिली आणि शाळेत शिकवलेलं 'यू आर माय सनशाइन' हातवारे करत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाली. टाळ्या झाल्या. खाली बसता बसता तिने विचारलं, "मराठीत नाहीये का असं?"

"आहे की," तिची आजी म्हणाली. "'उन्हात खेळू नकोस.' रोज म्हणते मी तुला."

सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पहिली गोष्ट म्हणजे आपला शब्द. 'ऊन' आला संस्कृतातल्या 'उष्ण'वरून. उष्णचं प्राकृतात उण्ह झालं आणि मराठीत ऊन. तो मधला 'ह' अजून 'उन्हात', 'उन्हाळा' म्हणताना डोकं वर काढतो. म्हणजे आपण या गोष्टीचं नाव ठेवलं ते तिच्या चटक्यावरून, उजेडावरून नव्हे. ताटातला ऊन ऊन भात आणि अंगणातलं ऊन, दोन्हींना शब्द एकच. इंग्रजी शब्दात सूर्य चमकतो. आपल्या शब्दात तो भाजतो. उजेड आपण वेगळा काढून ठेवला आहे. सावलीत उजेड असतो, ऊन नसतं. हा फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही, एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता रस्ता ओलांडला की आपोआप समजतो.

दुसरी गोष्ट मला बरीच उशिरा लक्षात आली, आणि ती व्याकरणात बसते की नाही हे जाणकारांनी बघावं. ऊन हे पाण्यासारखं, दुधासारखं न मोजता येणारं. तरी आपण त्याचं अनेकवचन करतो. उन्हं कलली. उन्हं उतरली. सकाळची कोवळी उन्हं. पण हे अनेकवचन आपण दिवसाच्या कडांनाच वापरतो. भर दुपारी कुणी 'रणरणती उन्हं' म्हणत नाही. तिथे ऊन एकटं असतं: रणरणतं ऊन, टळटळीत ऊन, कडक ऊन. सकाळ-संध्याकाळी ते जणू अनेक होऊन येतं, झाडांतून, जिन्यातून, गजांतून तुकड्यातुकड्यांनी. त्याला लाडाची नावंही तेव्हाचीच. तिरीप. कवडसा. बारा वाजता तिरीप येत नाही. बारा वाजता जे येतं त्याला आपण नुसतं 'ऊन' म्हणतो आणि डोक्यावर पदर घेतो.

(कवडशांबद्दल एक, मूळ विषय सोडून. झाडाखाली पडणारे कवडसे गोल का असतात, हा प्रश्न मला पन्नाशीपर्यंत पडला नव्हता. पानांमधली फट वेडीवाकडी असते, मग कवडसा गोल कसा? तर ती फट छिद्राच्या कॅमेऱ्यासारखं काम करते आणि जमिनीवर पडतं ते चक्क सूर्याचं चित्र. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ठाण्यातून खंडग्रास ग्रहण दिसणार होतं. आमच्या आवारात बदामाच्या झाडाखाली, मध्येच येणाऱ्या ढगांतून वेळ मिळेल तेवढी, शेकडो चंद्रकोरी पसरल्या होत्या. आमचा वॉचमन झाडूवर रेलून त्यांच्याकडे बघत राहिला होता. त्या दिवशी आवार उशिरा झाडलं गेलं.)

माझं ऑफिस वाशीला. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने जाणाऱ्या बायकांना एक गोष्ट पक्की माहीत असते: ऐरोली सुटली की गाडी दक्षिणेला वळते, म्हणजे सकाळी ऊन डावीकडे. संध्याकाळी गाडी उत्तरेला येते, ऊन पश्चिमेचं, म्हणजे पुन्हा डावीकडेच. थोडक्यात, जाताना आणि येताना दोन्ही वेळा उन्हाची बाजू डावी. उजव्या खिडकीसाठी आमच्यात जे मूक युद्ध चालतं त्याचं कारण इतकं साधं आहे. थंडीत आठ-पंधरा दिवस मात्र हेच युद्ध उलट्या दिशेने होतं. तेव्हा पारसिकच्या डोंगरामागून सूर्य वर आलेला असतो आणि घणसोलीपर्यंत डावी खिडकी मिळाली तर दिवस बरा जातो.

त्या भेंड्यांनंतर चार दिवस मी या गाडीत बसून उन्हाची गाणी शोधत होते. आठवली, नाही असं नाही. पण एकही ऊन एकटं सापडलं नाही. कुठे ते सावलीला बांधलेलं, कुठे पावसाला. बालकवींच्या श्रावणातही ते पडतं क्षणभर, दोन शिरव्यांच्या मधे. आणि उरलेली गाणी सगळी कडांची.

बघा ना. होनाजी बाळाची 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी, १९५१ च्या 'अमर भूपाळी'मुळे घराघरांत पोचलेली. तिच्यात अरुणोदय आहे. ऊन अजून यायचंय. भा. रा. तांब्यांनी अर्घ्य दिलं ते मावळत्या दिनकराला. ऊन जाऊन चुकलंय. जात्यावरच्या ओव्यांत बाया सूर्याला नारायण म्हणून हाक मारतात, पण दळण असतं पहाटेच्या अंधारातलं. नारायण वर येईपर्यंत पीठ भरून झालेलं असतं. गायत्री मंत्र ज्या सवित्याला उद्देशून आहे, तो वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांच्या मते उगवण्याआधीचा सूर्य. उगवला की तो नुसता सूर्य. आणि आमच्या ठाण्याची दिवाळी पहाट! तलावपाळीवर नटूनथटून गर्दी लोटते, गाणी होतात, आणि ऊन चढायला लागलं की सगळे फराळाला घरी.

शास्त्रीय संगीतात तर हा पक्षपात प्रहरांत बांधूनच टाकलाय. दिवस-रात्रीच्या सांध्यावरच्या रागांना संधिप्रकाश राग असं देखणं नाव मिळालं: मारवा, पूरिया, पूर्वी. भर दुपारीही राग आहेत, नाहीत असं नाही. सारंगाचं अख्खं घराणं माध्यान्हीचं. पण दुपारी बाराला मैफल ठेवतं कोण? ठेवली तर जेवणं सोडून येतं कोण? त्यामुळे सारंग कानावर पडतो तो बहुधा रेकॉर्डवर, पंख्याखाली, पडदे ओढून.

या कडा सगळ्यांना का आवडतात याचं कारण हवेत आहे. सूर्य डोक्यावर असताना त्याच्या किरणांना जेवढी हवा ओलांडावी लागते, त्याच्या सुमारे ३८ पट हवा तो क्षितिजावर असताना ओलांडावी लागते. एवढ्या हवेतून येताना निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबडा-केशरी तेवढा पोचतो, आणि चटका जवळजवळ संपतो. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायची हिंमत होते ती त्या मिनिटांतच, आणि तीही फार वेळ करू नये. गाणारे सगळे त्या ३८ पट हवेच्या आडोशाला उभं राहून गातात. चंद्राची गाणी गाणाऱ्यांनी तर आणखी मोठा आडोसा शोधला. पौर्णिमेचं चांदणं म्हणजे सूर्याचाच उजेड, फक्त सुमारे चार लाख पटींनी मवाळ केलेला.

मग साहेबाच्या गाण्यांत ऊन इतकं का? याचं उत्तर मला सोपं वाटलं होतं. ज्याला जे मिळत नाही ते तो गातो. डिसेंबरच्या शेवटी लंडनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. आपल्याकडे ठाण्यात त्याच दिवशी, वर्षातल्या सगळ्यात खालच्या सूर्याची उंची ४७ अंश. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 'हिअर कम्स द सन' लिहिलं ते १९६९ च्या वसंतात, लांबलेल्या इंग्लिश हिवाळ्यानंतर, कचेरीतल्या बैठकांना दांडी मारून मित्राच्या बागेत बसला असताना. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीला जे होतं तेच त्याला पहिल्या उन्हाला झालं. त्यांचं ऊन म्हणजे आपला पाऊस. झालं, सिद्धान्त तयार.

पण चिमुरडीच्या गाण्यापाशी तो लंगडा पडला. 'यू आर माय सनशाइन' लोकप्रिय केलं ते जिमी डेव्हिसने, १९४० साली. पुढे तो लुईझियाना राज्याचा गव्हर्नर झाला आणि १९७७ मध्ये हे त्या राज्याचं अधिकृत गीत ठरलं. आता लुईझियाना म्हणजे काही बर्फाचा देश नाही. दमट, घामट, डासांचा मुलूख. आपल्याला घरच्यासारखा वाटेल असा. मग मी ते गाणं नीट ऐकलं. लहान मुलांच्या तोंडी ध्रुवपदच असतं, कडवी कुणी शिकवत नाही. कडव्यांत माणूस स्वप्नातून जागा होऊन रडतो आणि सोडून चाललेलीला विनवतो. म्हणजे ऊन नाहीच त्यात. ऊन म्हणून कुणीतरी आहे, आणि ते निघून चाललंय. हातवारे करत म्हणायचं हे गाणं नव्हेच खरं तर. चिमुरडीला मी काही सांगितलं नाही.

नेपल्सचं 'ओ सोले मिओ'ही तसंच. १८९८ सालचं. भूमध्य समुद्राच्या काठचं शहर, उन्हाला काय तोटा? पण त्याची चाल बांधणारा एदुआर्दो दि कापुआ तेव्हा घरापासून दूर, काळ्या समुद्राकाठी ओदेसाला होता असं सांगतात. आणि त्यातलं ऊनही वादळानंतरचं आहे. परगावी गेल्यावर घरच्या वरणाची आठवण यावी तसं.

आमच्या घरात उन्हाची कमतरता दहा वर्षांपूर्वी सुरू झाली. त्याआधी आमची गॅलरी दक्षिणेची, समोर मोकळा प्लॉट, हिवाळ्यात ऊन हॉलच्या मध्यापर्यंत येऊन बसायचं. मग प्लॉटवर बत्तीस मजली टॉवर उभा राहिला. आता डिसेंबरमध्ये ऊन येतं सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, टॉवरच्या डाव्या खांद्यावरून, आणि पावणेअकराला पुन्हा त्याच्या पाठीमागे जातं. पस्तीस मिनिटं. आई ऐंशीच्या पुढची आहे. तिची वेताची खुर्ची त्या पस्तीस मिनिटांत तीन वेळा सरकते.

एका हिवाळ्यात तिने फरशीवर पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली. दर रविवारी ऊन आत कुठपर्यंत आलं त्याची खूण. मला वाटलं होतं वेळ घालवायचा उद्योग आहे. जानेवारीत तिने मला हाक मारली. "अगं, हे बघ. हा तर तीन आठवडे आधीच परत फिरलाय."

"कोण?"

"सूर्य. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असं आपण म्हणतो. पण ऊन सगळ्यात आत आलं होतं ते नाताळच्या आधी. त्यानंतर मागे मागेच चाललंय."

बरोबर होतं तिचं. दक्षिण टोकाहून सूर्य उलटा फिरतो तो २२ डिसेंबरच्या आसपास. संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने येते आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलत असल्याने साधारण ७२ वर्षांत एक दिवस उशिरा येऊ लागते. सोळा-सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमाराला होती. पुस्तकात हे मी वाचलं होतं. आईने ते फरशीवर पकडलं. रथसप्तमीला तिने गच्चीत बोळक्यात दूध उतू घातलं तेव्हा सूर्याकडे जरा निराळ्या नजरेने बघत होती, चोरी पकडल्यासारखी.

तिच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उन्हात बसा. ती म्हणाली, बसतेच की, खिडकीशी. पण खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, आणि ज्या अतिनील किरणांवर त्वचा हे जीवनसत्त्व बनवते ते मात्र काच अडवून ठेवते. शिवाय सूर्य तिरपा असताना ते किरण वरच्या हवेतच गळून जातात. कवींचं कोवळं ऊन या कामाला फारसं उपयोगाचं नाही. अंगापेक्षा सावली आखूड असेल तेव्हाचं ऊन लागतं. ज्या उन्हाचं गाणं नाही, तेच. आईला आठवड्याला एक पुडी सुरू झाली, दुधातून. ठाण्यात राहून ऊन पुडीतून घ्यायचं, यावर ती अजून हसते.

ऑफिसमधला माझा एक सहकारी नवी मुंबईतल्या आगरी गावचा. त्याच्या आजोबांची हयात मिठागरावर गेली. फेब्रुवारीत आम्ही काही जण ऐरोलीहून खाडीत रोहित पक्षी बघायला होडीने गेलो होतो, तेव्हा तो पलीकडच्या मिठागरांकडे बोट दाखवून बोलत होता. ठाणे खाडीतलं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ पासून ते जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. मिठाचा धंदा मात्र या किनाऱ्यावर फार जुना. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, असं तो अभिमानाने सांगतो.

एक किलो मीठ हवं तर समुद्राचं अठ्ठावीस-तीस लिटर पाणी आटवावं लागतं. चुलीवर आटवायचं तर लाकूडच परवडणार नाही. ते काम ऊन फुकट करतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक ठिकाणी थोडं आणखी दाट, आणि शेवटच्या खाचरात पांढरी साय धरेपर्यंत उन्हाच्या स्वाधीन करायचं. हिवाळ्यात सुरू झालेलं हे काम पहिल्या पावसाबरोबर संपतं. अवकाळीची एक सर आली की आठवड्याची मेहनत पाण्यात जाते, शब्दशः.

"आजोबा ढग बघून शिव्या द्यायचे," तो म्हणाला. "शाळेत आम्हाला पावसाच्या कविता. घरी पाऊस आला की आजोबा जेवायचे नाहीत."

मी विचारलं, मिठागरावर गाणी म्हणायचे का. तो बराच वेळ आठवत राहिला. लग्नात म्हणायची गाणी, धवळे, त्याला पाठ होते, ते म्हणणारी धवलारीण कशी सूर लावायची ते त्याने होडीतच करून दाखवलं, नाखवाही मान डोलवू लागला. पण ती हळदीची, मांडवातली, रात्रीची गाणी. मिठागरावरचं एकही नाही. "उन्हात तोंड उघडलं की घसा वाळतो, ताई," तो म्हणाला. "बोलायचे नाहीत ते. गाणं कुठलं?"

समोर चिखलात हजारो रोहित पक्षी चोची उलट्या करून गाळत होते. त्यांचा गुलाबी रंग त्यांचा स्वतःचा नसतो. उथळ पाण्यात उन्हावर वाढणाऱ्या शेवाळात आणि नील-हरित जिवाणूंत जी रंगद्रव्यं तयार होतात, ती खाऊन पिसं गुलाबी होतात. पिल्लू जन्मतः राखाडी. म्हणजे एकाच खाडीत एकाच उन्हाचं एका काठाला मीठ होत होतं, दुसऱ्या काठाला पिसं.

खारघरचं इथे लिहावं की नाही, याचा मी विचार केला. १६ एप्रिल २०२३, रविवार. राज्याच्या एका पुरस्कार सोहळ्याला लाखो माणसं मोकळ्या मैदानात सकाळपासून भर दुपारपर्यंत बसली होती. तापमान ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातला माणूस या आकड्याला हसेल. पण खाडीकाठच्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. घाम येतो आणि सुकत नाही, आणि न सुकलेला घाम शरीराला थंड करत नाही. आतलं तापमान चाळिसाच्या वर गेलं की मेंदू गोंधळतो. माणूस उठून सावलीत जायचंही विसरतो. त्या दिवशी आणि नंतर रुग्णालयांत मिळून दहाहून अधिक माणसं गेली. बहुतेक श्रद्धेने आलेली, दूरच्या गावांहून, रात्रीच निघालेली. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसले तेव्हा उजव्या खिडकीवरून कुणी भांडलं नाही. 'ऊन लागणं' हा आपला जुना शब्द आहे. बाण लागतो, दृष्ट लागते, तसं ऊन लागतं.

१६ मे. ठाण्याचा शून्य सावलीचा दिवस. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुसऱ्यांदा येतो तो जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा ढगांपुढे त्याचं काही चालत नाही. मधले सव्वादोन-अडीच महिने तर भर दुपारी सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला होता: बारा पस्तीसला गच्चीत या. बारा वाजता नव्हे, कारण घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखावृत्ताचं आणि सूर्य आपला. या अडतीस-एकोणचाळीस मिनिटांच्या फरकापायी मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ चालवली होती, हे काकांनी निरोपातच लिहिलं होतं. त्यांच्या निरोपात पाल्हाळ असतोच.

गच्चीत आम्ही सहा जण जमलो. आई आधीपासून वर होती. सोलरच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये जेवढी जागा उरली आहे, तेवढीत जुनं लुगडं अंथरून तिने कोहळ्याचे सांडगे घातले होते, आणि स्वतः छत्री घेऊन कावळे हाकत स्टुलावर बसली होती. दोन दिवसांत खडखडीत होतील असं ऊन होतं.

चिमुरडीने स्टीलचा उंच पेला आणला आणि गच्चीच्या मधोमध उपडा ठेवला. साडेबाराला त्याच्या बुडाशी सावलीची अगदी बारीक कड होती. मग तीही आत ओढल्यासारखी गेली. कुंडीची सावली कुंडीखाली, काकांची काकांच्या चपलांखाली. पेला असा दिसत होता की कुणी त्याला तिथे चिकटवलाय, जमिनीवर ठेवलेलाच नाही. कुणी काही बोललं नाही. ऐकू येत होतं ते फक्त आईचं गुणगुणणं. सांडगे उलटवताना ती नेहमीच काहीतरी गुणगुणते.

चिमुरडीने कान दिला. "आजी, हे तर पावसाचं गाणं आहे."

"हो का?" आई म्हणाली. तिच्याही लक्षात आलं नव्हतं. तिने हातातला सांडगा उलटवून ठेवला, छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि तेच गाणं पुढे चालू ठेवलं.

पावणेएकला पेल्याच्या पूर्वेला नखाएवढी सावली परत आली. चिमुरडी उकिडवी बसली आणि तिने त्या सावलीत बोटाचं टोक ठेवून पाहिलं, तिथे गार लागतं का ते.